खिसे बाबांकडे

१२ फेब्रुवारी

आणलं बाबांना. आता बोला.

दादा बोललाच. गाडीतून त्यांची बॅग काढतानासुद्धा त्याचं तोंड थांबत नव्हतं. "तू काय गळ्यात बांधून घेते आहेस ते तुला कळत नाहीये. नवऱ्याला सोडताना दोन मिनिटं लागली नाहीत, आणि बाबांचा एवढा पुळका?"

"नवरा बदलता येतो," मी म्हटलं. "बाप बदलून देणारं दुकान असेल तर सांग, आत्ता जाऊन येते."

बाबा जिन्यात उभे होते. त्यांनी ऐकलं आणि हसले. हसायला नको होतं. दादा आणखी भडकला आणि बॅग पायरीवरच ठेवून निघून गेला.

सगळं लिहून ठेवते, म्हणजे मी हे आंधळेपणानं केलं असं पुढे कोणी म्हणायला नको. बाबा जुगारी आहेत. बस चालवायचे तेव्हा पत्ते होते. निवृत्त झाल्यावर फोन आला आणि त्यावर सामने, घोडे, आकडे, जे हलेल ते. सगळ्या नोकरीत बसला एक ओरखडा नाही, आणि घर मात्र कोणाला न सांगता विकून बसले. आईला कळलं ते असं: सकाळी एक अनोळखी बाई मापाची टेप घेऊन दारात. "पडद्यांसाठी खिडक्या मोजायच्या होत्या. घर आम्ही घेतलंय ना." आईनं तिला आत घेतलं, टेपचं दुसरं टोक धरलं, सगळ्या खिडक्या मोजू दिल्या. मग कपडे भरले आणि दादाकडे गेली. तेव्हापासून ती बाबांशी एक शब्द बोललेली नाही.

मागच्या रविवारी दादाच्या स्वयंपाकघरात पैज लागली. दादा म्हणाला, दोन महिने टिकणार नाहीत. मी म्हटलं, ऑगस्ट संपेपर्यंत एकदाही खेळणार नाहीत, बोल. मी जिंकले तर आईनं माझ्याकडे यायचं आणि बाबांच्या समोर बसून एकदा जेवायचं. हरले तर दादानं लांबच्या गावात बघून ठेवलेल्या खोलीत मी स्वतः त्यांना सोडून यायचं आणि पुन्हा त्यांचं नाव काढायचं नाही. दादानं हात पुढे केला, मी टाळी दिली. आई ताटं पुसत होती. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

बाबांना विचारलं नाही. त्यांना काय विचारायचं? मीच जिंकणार आहे.

१४ फेब्रुवारी

बाबांना आजपासून खाली दुकानात घेतलं. नुसते वर बसून राहिले तर भिंतीवरच्या पालीवर पैज लावतील.

माझ्या लॉन्ड्रीत माणसं दोनच. मशीन आणि काउंटर माझ्याकडे, इस्त्री मामांकडे. (ते माझे मामा नाहीत, कोणाचेच नाहीत, पण सगळी गल्ली मामा म्हणते.) तिसरं काम आजवर मीच उरकायची, ते म्हणजे खिसे. मशीनमध्ये जाण्याआधी प्रत्येक कपड्याचा प्रत्येक खिसा उलटा करायचा. जे निघेल ते पाकिटात, पाकिटावर कपड्याचा नंबर, आणि कपडा तयार झाला की पाकीट आतल्या बाजूला टाचणीनं टाचायचं. गोळीचा कागद निघाला तरी तो टाचायचा. जुन्या मालकिणीचा नियम होता, दुकान घेताना तोही घेतला. चार गल्ल्या सोडून लोक माझ्याकडे येतात ते काही माझ्या गोड बोलण्यामुळे नाही.

मी खिसे बाबांकडे दिले.

मामांनी इस्त्री उभी ठेवली. "बाई, डोकं ठिकाणावर आहे का?"

"आहे. तुम्ही कॉलरीकडे बघा."

मामांनी माझ्यादेखत स्वतःचं पैशाचं पाकीट काढून मोज्यात खुपसलं. बाबांनी ते पाहिलं. म्हणाले, "मामा, मोज्यात नका ठेवू. वास लागला तर मी सोडा, दुकानदारसुद्धा ती नोट घेणार नाही." मामांना हसू आलं होतं, पण ते त्यांनी दाबलं.

बँकेचं कार्ड बाबांनी आपणहून माझ्या हातात दिलं. फोन बदलून साधा बटणांचा घेतला. मला म्हणाले, "मालकीणबाई, पगारही तुझ्याकडेच ठेव. मागितला तर विचार, कशाला." मालकीणबाई म्हणतात मला आता. चिडवण्यासाठी, पण म्हणताना मान जरा ताठ होते त्यांची. मला आवडतं ते.

१९ फेब्रुवारी

बुधवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बाबांसारख्यांची बैठक असते. बाबा जातात. त्याच वेळी शेजारच्या खोलीत घरच्यांची बैठक असते, आज तिथे मी गेले. गोल मांडलेल्या खुर्च्या. एक गृहस्थ बायकोबद्दल सांगताना रडले. एक आई काहीच बोलली नाही, पर्सचा बंद सोलत बसली. माझी पाळी आली. मी सगळं नीट, मुद्देसूद सांगितलं. बैठक घेणाऱ्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "वडिलांचं कळलं. तुम्ही कशा आहात?"

"ठणठणीत."

"झोप लागते?"

"मी वडिलांसाठी आलेय हो. मला कशाला तपासताय?"

सगळे माझ्याकडे अशा मायेनं बघायला लागले की अंगाचा तिळपापड झाला. उठले आणि खाली रस्त्यावर येऊन बाबांची वाट बघत उभी राहिले. पुन्हा त्या खोलीत पाय ठेवणार नाही. मला काय झालंय?

४ मार्च

आज एक गंमत केली. दातांच्या डॉक्टरांचा कोट आला, त्याच्या खिशात मी माझी एक छोटी नोट ठेवली आणि कोट बाबांच्या ढिगात टाकला.

मग काउंटरवर जाऊन बसले. गिऱ्हाइकाला सुटे देताना दोनदा चुकले. बाबा शीळ घालत एकेक कपडा उलटत होते. डॉक्टरांचा कोट हातात आला तेव्हा शीळ थांबली. नंतर पुन्हा सुरू झाली. ते चहाला गेल्यावर मी पाकीट उघडलं. नोट आत!

काय सांगू कसं वाटलं. दादाला तिथल्या तिथे फोन करून ओरडून सांगावंसं वाटलं. नोट काढून घेतली, पाकिटात डॉक्टरांची पेन्सिल तेवढी ठेवली.

१३ मार्च

तीनदा लावली, तिन्ही वेळा आली. आता खरं तर गरज नाही. पण तीनदा आली म्हणजे नेहमी येईल असं थोडंच आहे. आणखी एकदा बघते आणि थांबवते.

२२ मार्च

आज ठेवायची नाही असं ठरवलं होतं. दुपारपर्यंत ठेवलीही नाही. पण कशात लक्ष लागेना. एका चादरीवर चुकीचं औषध टाकलं, डाग गेला नाही आणि चादर मात्र फिकी पडली, ती भरून द्यावी लागणार. मामांवर ओरडले. शेवटी एका विजारीत एक नोट ठेवली. आली. मग कुठे जेवण गोड लागलं.

बाबांची तब्येत चांगली आहे. काल मामांबरोबर बसून कोणाच्या बटणाला काज घट्ट झालंय यावर वाद घालत होते. मामांचं पाकीट अजून मोज्यातच आहे.

६ एप्रिल

दादाकडे जेवायला गेले, एकटीच. बाबांना बोलावलं नव्हतं.

आईनं विचारलं, "तुझे वडील जेवतात का नीट?" मी म्हटलं, तूच येऊन बघ. ती भाजी वाढत राहिली.

दादा म्हणाला, "अजून टिकलेत? की तुला कळलं नाहीये?" मग राहवेना म्हणून सांगून टाकलं, खिशात नोट ठेवते आणि ती जशीच्या तशी परत येते. एकदाही कमी नाही. माझ्या आवाजात जरा तोरा होता, कबूल आहे. दादानं घास थांबवला. "कसली नोट?" सांगितलं. तो हसला. "असल्या चिल्लरसाठी बाबा हात विटाळणार नाहीत. त्यांनी घर लावलंय, बाई. मोठी ठेवून बघ, मग सांग."

"ठेवीन."

"ठेव ना."

"ठेवीनच!"

आईनं पातेलं आपटलं. "जेवा," एवढंच म्हणाली, आणि स्वतः न जेवता उठून गेली. तिला दादाच्या बोलण्याचा राग आला असणार.

१७ एप्रिल

आज मोठी लावली. दुकानात आजवर कोणाच्या खिशात एवढी मोठी नोट निघाली नसेल. वकीलसाहेबांच्या काळ्या कोटात, आतल्या खिशात.

मी मशीनच्या आड उभी होते. बाबांनी खिसा उलटला, नोट बाहेर आली, आणि ते तिच्याकडे बघत राहिले. शीळ नाही, हालचाल नाही. मग त्यांनी ती पाकिटात घातली, नंबर घातला, टाचणी शोधायला लागले. टाचणी दोनदा हातातून पडली.

जिंकले! दादाला आता तोंड उघडायला जागाच उरली नाही.

संध्याकाळी काउंटरवर गर्दी होती. बाबा जवळ येऊन म्हणाले, "मालकीणबाई, थोडा पगार दे. बूट घ्यायचेत." मी लगेच गल्ल्यातून काढून दिला. आनंदात होते, शिवाय वकीलसाहेबांचा माणूस कोट न्यायला येण्याआधी मला पाकिटातून नोट काढायची होती. बाबा क्षणभर तिथेच उभे राहिले, मला काहीतरी विचारायचं असेल अशी वाट बघत असल्यासारखे. मग गेले.

मी वळले तोवर वकीलसाहेबांचा माणूस कोट घेऊन गेलासुद्धा. नोटही गेली. आता मागणार कोणत्या तोंडानं?

२ मे

गेल्या पंधरवड्यात दोन नोटा अशाच गिऱ्हाइकांबरोबर गेल्या. कोणी परत आणून दिल्या नाहीत. लोक असे असतात. गेलेलं भरून निघायचं तर आता नोट अशा कपड्यात ठेवायला हवी जो लगेच कोणी नेणार नाही.

बूट अजून घेतलेले नाहीत. विचारलं तर म्हणाले, माप मिळत नाही. पुन्हा थोडा पगार मागून घेतला, म्हणे दुसऱ्या दुकानात बघतो. मला वाटतं दाढ दुखत असावी त्यांची. जेवताना बोलत नाहीत, शीळ पण बंद आहे. डॉक्टरांना सांगून ठेवलंय.

आज मोठ्या बाई आल्या होत्या. समोरच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. नवरा गेल्यापासून दर वर्षी त्याचा राखाडी लांब कोट धुवायला आणतात आणि धुऊन पुन्हा कपाटात टांगतात. कोणी घालत नाही, म्हणून न्यायचीही घाई नसते, महिनाभर माझ्याकडेच असतो. यापेक्षा चांगला कोट कुठला मिळणार!

मोठी नोट त्यात ठेवली.

७ मे

लिहिताना अजून कान तापतायत.

काल मी मशीनचा पट्टा आणायला बाजारात गेले होते. तेवढ्यात मोठ्या बाई येऊन कोट घेऊन गेल्या. मामांनी दिला. मामांचा काय दोष, तयार होता, दिला.

आज सकाळी दुकान उघडतानाच त्या दारात उभ्या. हातात आमचं पाकीट. केस विंचरलेले नव्हते. शाळेच्या मुख्याध्यापिका, मी त्यांना असं कधीच पाहिलं नाही.

"अहो, हे ह्यांच्या खिशात निघालं," त्या म्हणाल्या.

मी काउंटर घट्ट धरलं.

"दर वर्षी देते मी कोट. आधी कधी काही निघालं नाही. अस्तरात गेली असेल का नोट? असं होतं का हो, तुम्हाला अनुभव असेल, अस्तरात जाते आणि मग बाहेर येते? आजारपणात ह्यांना सारखं वाटायचं की माझ्यासाठी काही ठेवलं नाही. ठेवली असेल का माझ्यासाठी?" त्यांनी नोट काउंटरवर ठेवली, दोन्ही हातांनी सरळ केली. "काल दुपारपासून मी तिच्यासमोर बसून आहे. खर्च करू की ठेवू?"

हो म्हणावं, झालं, असं एकदा मनात आलं. त्यांना बरं वाटलं असतं. मी सुटले असते. तोंड उघडलंच होतं.

बाबा ढिगामागून पुढे आले. "बाई, माफ करा. चूक माझी आहे. खिसे मी बघतो. दुसऱ्या कोटातली नोट तुमच्या पाकिटात गेली."

मामांची इस्त्री थांबली. मोठ्या बाई बाबांकडे बघत राहिल्या, मग नोटेकडे. "तरीच," त्या म्हणाल्या. "एवढी मोठी नोट ह्यांच्या खिशात मी कधी राहूच दिली नाही." हसल्या त्या. मग म्हणाल्या, "जरा खुर्ची देता का?" मामांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी पिऊन त्या उठल्या आणि नोट माझ्याकडे सरकवून निघून गेल्या. बाबा दारापर्यंत गेले त्यांच्याबरोबर.

मामा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मी सांगत होतो. आता पाकिटांची अदलाबदल सुरू झाली." आणि मी, मी काही बोलले नाही. बाबांवर आळ येऊ दिला आणि उभी राहिले.

बाबा परत आले, मामांना चहाला पाठवलं, शटर अर्धं ओढलं.

"का सांगितलंत त्यांना?" मीच आधी तोंड सोडलं. "किती बरं वाटत होतं त्यांना!"

"हो. म्हणूनच. एकदा खिशात निघालं ना, की माणूस रोज खिसा बघतो. रोज कपाट उघडून त्या कोटात हात घातला असता त्यांनी, मरेपर्यंत. मला माहीत आहे ते."

मी काउंटरवरची नोट उचलून गल्ल्यात टाकली.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं मला," ते म्हणाले. "दातांचे डॉक्टर नोटांचा बोळा करून कोंबतात. तुझी नोट इस्त्री केल्यासारखी होती. तेव्हा मजा वाटली मला. म्हटलं, पोरगी बघतेय, बघू दे. मग तू थांबेचनास. आज लावली का, उद्या लावेल का, केवढी लावेल, मीही तेच बघायला लागलो. सकाळी उठलो की डोक्यात तेच. ते काय असतं तुला माहीत नाही."

मला माहीत होतं. पण सांगितलं नाही.

"दादाशी पैज लावलीस तेही माहीत आहे. त्यानंच सांगितलं, फोन करून. माझ्यावर लावू नकोस. मी घोडा नाही."

"तुमच्यासाठीच लावली!"

"घोड्यासाठी कोणी लावत नाही."

मग मी ओरडले. सगळं बाहेर काढलं. तुमच्यासाठी भावाशी भांडले, गल्लीत शोभा करून घेतली, मामांचे टोमणे ऐकले, आणि तुम्ही मलाच शहाणपण शिकवताय, मी काय करायला हवं होतं, डोळे मिटून बसायचं? बाबा ऐकत राहिले. म्हणाले, "विचारायचं होतंस. समोर येऊन. बाबा, खेळलात का? इतक्या दिवसांत एकदा तरी विचारलंस?"

नाही विचारलं. देवाशपथ, एकदाही सुचलं नाही.

"खेळलात का?" मी विचारलं.

"हो."

शटरखालून कोणाची तरी पावलं गेली.

"वकिलाच्या कोटातली ती नोट मी टाचली, आणि मग हात माझे राहिलेच नाहीत. संध्याकाळी तुझ्याकडे पगार मागितला. कशाला, असं तू विचारलं असतंस तर कदाचित… जाऊ दे, तेही खोटंच. बूट म्हणालोच होतो. बसथांब्यामागे पैजा घेतात तिथे गेलो. पुढच्या आठवड्यात परत गेलो. तुझी एक नोट इकडची तिकडे झाली नाही. माझे बूट गेले." मग म्हणाले, "नोट तुझी होती, पण पाय माझे होते. हे लक्षात ठेव, उगीच अंगाला लावून घेऊ नकोस."

कशाला लावून घेऊ? मुळीच घेणार नाही. मी त्यांना सट्ट्याच्या दुकानात नेऊन सोडलं नव्हतं. पण त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मशीनचा पट्टा बसवायला लागले. तो उलटा बसला.

८ मे

कोणाला कळायचं कारण नाही. मला माहीत, बाबांना माहीत. ऑगस्ट काही फार लांब नाही. तोवर पुन्हा खेळले नाहीत तर टिकले असंच म्हणायचं. आई येईल, जेवेल, आणि एकदा समोर बसली की पुढचं मी बघून घेईन. मी हे सगळं बाबांना नाश्त्याला पटवून दिलं.

बाबा म्हणाले, "मी तुझ्या आईला फोन करतो आणि सांगतो."

"काय सांगता?"

"खेळलो ते."

हातातला चमचा पडला माझ्या. म्हटलं, तुम्ही वेडे आहात, हातातोंडाशी आलेला घास आहे हा, ती एकदा येणार होती, आता आयुष्यात येणार नाही, आणि मला तुम्हाला त्या खोलीत नेऊन टाकावं लागेल, शब्द दिलाय मी! बाबा नळाखाली कप धुवत राहिले. "ती पैजेपोटी आली असती," म्हणाले. "पैजेपोटी आलेलं राहत नाही. मला विचार."

दुकानातल्या फोनवरून केला त्यांनी. माझ्यासमोर, कपड्यांच्या ढिगात उभं राहून. आईनं उचलला, कारण नंबर माझा होता. "मी बोलतोय. ठेवू नकोस. दोनदा खेळलो. पगार गेला. पोरीला माहीत नव्हतं." एवढंच. मग फोन ठेवल्याचा आवाज.

"बघा," मी म्हटलं. "झालं समाधान?"

ते ढिगाकडे गेले. मग परत आले. "खिसे मामांकडे दे. मला चादरी दे. चादरीला खिसा नसतो."

मी म्हटलं, खिसे तुमच्याकडेच राहणार, लोकांच्या नाकावर टिच्चून राहणार. ते म्हणाले, "लोकांचं नाक राहू दे गं. मला नकोत." मग दिल्या चादरी. खिसे मामांकडे. मामांनी पहिलाच खिसा उलटताना असा चेहरा केला, जसं त्यांना कोणी राज्यच दिलंय.

१० मे

दादा आला. तो येणारच होता. शनिवार, दुकान भरलेलं, आणि हा काउंटरच्या आत शिरला.

"हरलीस."

"पैज मोडली," मी म्हटलं. "आमच्या घोड्यानं पळायला नकार दिला."

"शब्द दिला होतास. हातावर हात मारून."

"दिला होता. परत घेते. तो माझा नव्हताच द्यायचा, बाबांना कोणी विचारलं होतं तेव्हा? तू? मी?"

"उद्या दुकान विकलं तर?"

"दुकान माझ्या नावावर आहे. कार्ड माझ्याकडे आहे. पगाराचं आता मी तोंडावर विचारते, कशाला हवा, आणि रोज विचारते, खेळलात का. रागावले तरी विचारते. आणखी काय हवंय?"

"आणि पुन्हा खेळले तर?"

"तर पुन्हा खेळले. इथेच राहतील. खेळले तरी इथे, नाही खेळले तरी इथे. मी आता यात काही लावलेलं नाही, त्यामुळे तू मला हरवू शकत नाहीस. आणि काउंटरच्या बाहेर हो, गिऱ्हाईक थांबलंय."

गिऱ्हाईक म्हणजे वकीलसाहेबांचा माणूस होता. तो दोन पावलं मागे सरकला. दादा तोंड वाकडं करून उभा राहिला, मग बाबांकडे वळला. बाबा आणि मामा चादरीची दोन टोकं धरून घडी घालत होते. बाबा म्हणाले, "ये रे, तिसरं टोक धर, मोठी आहे." दादानं धरलं नाही. पण जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई दोन दिवस जेवली नाहीये नीट. तुमच्यामुळे." आणि गेला.

ते मात्र लागलं. दिवसभर लागत राहिलं.

१४ मे

बुधवार. बाबांना वाचनालयात सोडलं आणि जिन्याखाली उभी होते. आज वर जाईन असं ठरवलं होतं, पण पाय उचलेना. बघू पुढच्या आठवड्यात. तिथेच फोन वाजला. आई.

मी लगेच सुरू केलं. तुझी काळजी वाटते, दादा म्हणाला तू जेवत नाहीस, बाबांनी उगीच तुला फोन केला, मी नको म्हणत होते…

"गप्प बस जरा," आई म्हणाली. "मला बोलू दे."

गप्प बसले.

"आमचं लग्न झाल्यापासून मला सगळं दुसऱ्यांनी सांगितलंय. पत्त्यांचं सांगितलं ते डेपोतल्या साहेबांच्या बायकोनं, कोणाच्या तरी लग्नात, भर पंगतीत. दागिने गेले ते सोनाराच्या पोराकडून कळलं. घर गेलं ते त्या पडदेवालीनं. प्रत्येक वेळी मी चेहरा सावरून उभी, की मला माहीतच होतं. समोरच्याला दया वाटू नये म्हणून." तिचा आवाज बसला होता. सर्दी असेल. "आणि त्या दिवशी फोन आला. दोनदा खेळलो. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. फोन ठेवला आणि खाली बसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला आधी कळलं गं. सगळ्यांच्या आधी."

"मला त्याच्या आधी…" मी म्हणायला गेले, आणि थांबले. नाही सांगितलं ते.

रस्त्यावरून एक बस गेली.

"येतेस का मग?" मी विचारलं. "जेवायला? पैज नाही काही. अशीच."

"नाही," आई म्हणाली. "मला नाही यायचं. अजून नाही." मग म्हणाली, "पण ह्यांना सांग, पुढच्या वेळीसुद्धा आधी मलाच सांगायचं."